जपानच्या वर्गात जपानचा भूगोल: एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

वर्षभरासाठी जपानच्या हायस्कूलमध्ये जाणारी मुलं भाषेची तयारी करून जातात, भूगोलाची सहसा करत नाहीत. गणितात आकडे ओळखीचे असतात, इंग्रजीच्या तासाला उलट वर्गच तुमच्याकडे बघतो. भूगोलाच्या तासाला मात्र पहिल्याच दिवशी गाडी अडते. शिक्षक नकाशावर बोट ठेवत नाहीत; नुसतं ‘तोहोकूच्या पॅसिफिक बाजूला’ म्हणतात आणि पुढे जातात. बाकीच्या मुलांनी देशातले सगळे ४७ प्रांत प्राथमिक शाळेत, चौथीतच गिरवलेले असतात. पण ही उणीव दोन महिन्यांत भरून निघते. क्रम तेवढा बरोबर हवा.

आधी कळून घ्या: तुमच्या वाट्याला कोणता भूगोल आलाय

एप्रिल २०२२ पासून जपानी हायस्कूलमध्ये ‘चिरी सोगो’ हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा आहे. त्यात तीन भाग असतात: नकाशे आणि जीआयएस (संगणकावरची भौगोलिक माहिती प्रणाली), जगातले प्रदेश आणि त्यांचे प्रश्न, आणि शेवटी आपत्ती व स्थानिक परिसराचा अभ्यास. वरच्या वर्गात काही मुलं ‘चिरी तांक्यू’ हा तीन क्रेडिटचा ऐच्छिक विषय घेतात. या दोन्हींत जपानची प्रदेशवार ओळख सविस्तर नसते, कारण ती आधीच, म्हणजे ‘चूगाक्को’त (आपल्याकडची साधारण सातवी ते नववी) झालेली असते.

म्हणून पहिलं काम म्हणजे चूगाक्कोचं भूगोलाचं पुस्तक मिळवणं. यजमानांच्या घरात त्या वयाचं मूल असेल तर पुस्तक घरातच सापडेल. नसेल तर वर्गशिक्षकांकडे मागा. त्याची भाषा सोपी असते, अवघड कांजींवर (चिनी चित्राक्षरांवर) बहुधा फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरात उच्चार, असतो आणि चित्रं भरपूर. हायस्कूलचं पुस्तक शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ वाचत बसण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

दुसरी वस्तू ‘चिझुचो’, म्हणजे शालेय नकाशासंग्रह. तासाला तो कायम बाकावर उघडा लागतो. त्याची सूची मराठी मुलांना फार सोपी जाते. ती आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या क्रमाने लावलेली असते, म्हणजे आपल्या बाराखडीच्याच नात्यातली. फरक दोनच ध्यानात ठेवा: ‘च’वर्गाच्या जागी ‘सा’ची ओळ येते, आणि ‘गा’ वेगळा नसून ‘का’मध्येच, ‘बा’ व ‘पा’ ‘हा’मध्येच शोधायचे. गिफू शोधायला ‘कि’ची ओळ, बिवा शोधायला ‘हि’ची.

४७ प्रांत: यादी नको, कोरा नकाशा घ्या

कोऱ्या नकाशाला ‘हाकुचिझु’ म्हणतात. प्रांतांच्या सीमा असलेला हाकुचिझु ए-फोर कागदावर दहाएक प्रती छापून घ्या. सुरुवातीला नावं नकोत, फक्त चार मोठी बेटं रंगवा: होक्काइदो, होन्शू, शिकोकू, क्यूशू. मग प्रदेश: होक्काइदो १, तोहोकू ६, कांतो ७, चूबू ९, किंकी ७, चूगोकू ५, शिकोकू ४, आणि ओकिनावा धरून क्यूशू ८. शाळेत चूगोकू आणि शिकोकू एकत्र शिकवतात, त्यामुळे पुस्तकात आठऐवजी सात प्रकरणं दिसली तर गोंधळू नका.

उत्तरेकडून दक्षिणेकडे घोकत गेलं की पहिले सात चोख पाठ होतात आणि चूबूपाशी घोडं पेंड खातं. त्याऐवजी मधूनच सुरुवात करा. नागानोला समुद्र नाही आणि त्याला आठ प्रांत लागून आहेत: नीगाता, गुन्मा, सैतामा, यामानाशी, शिझुओका, आइची, गिफू, तोयामा. नागानो पक्का बसला की होन्शूचा मधला भाग एका फटक्यात जागेवर येतो. मग समुद्र नसलेले उरलेले घ्या. असे प्रांत देशात एकूण आठच आहेत: तोचिगी, गुन्मा, सैतामा, यामानाशी, नागानो, गिफू, शिगा, नारा. उरलेले सगळे किनाऱ्याने चालत भरता येतात. रोज पाच-सहा पुरे. दुसऱ्या दिवशी कालचे कोऱ्या नकाशावर आधी लिहायचे, मगच नवे.

चुका ठरलेल्या जागी होतात. फुकुशिमा, फुकुई, फुकुओका, यामागाता, यामानाशी, यामागुची, मियागी, मियाझाकी. यांचं पहिलं कांजी सारखंच असल्यामुळे डोळा फसतो. ही नावं जोडीने पाठ करू नका, दर वेळी नकाशावर बोट ठेवून म्हणा: मियागी उत्तरेत, मियाझाकी क्यूशूत. दुसरी फसगत राजधान्यांची. बहुतेक प्रांतांत प्रांताचं आणि मुख्य शहराचं नाव एकच असतं. वेगळी नावं सतरा ठिकाणी आहेत, आणि सैतामा धरला तर अठरा, कारण त्या शहराचं नाव कांजीऐवजी हिरागाना या उच्चारलिपीत लिहितात. परीक्षेत विचारतात ते हेच अठरा: मियागीचं सेंदाई, इबाराकीचं मितो, इशिकावाचं कानाझावा, आइचीचं नागोया, शिमानेचं मात्सुए, एहिमेचं मात्सुयामा वगैरे. उरलेल्यांवर वेळ घालवायची गरजच नाही.

आणखी एक खाचखळगा. मिए प्रांत बातम्यांत आणि रोजच्या बोलण्यात अनेकदा नागोयाच्या बाजूचा म्हणून येतो, पण शालेय विभागणीत तो किंकीत असतो. नीगाता चूबूत. उत्तरपत्रिकेत पुस्तकाची विभागणी चालते, घरातल्या कोणाची नाही.

प्रांतांच्या नावातली सगळी कांजी २०२० पासून चौथीपर्यंतच्या अभ्यासक्रमात आहेत, म्हणून शिक्षक ती येतात असं गृहीत धरतात. हिरागानात उत्तर लिहिलं तर गुण देणार का, हे परीक्षेच्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी विचारा. बहुतेक शिक्षक एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याला सवलत देतात, आणि आधीच मागितली तर प्रश्नपत्रिकेवर फुरिगानाही घालून देतात.

डोंगर आधी, शहरं नंतर

देशाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग डोंगराळ आहे. माणसं, शेती, कारखाने उरलेल्या सपाट तुकड्यांत दाटीने बसलेत. हे एकदा नकाशावर रंगवून पाहिलं की पुढचं निम्मं स्पष्टीकरण आपोआप कळतं. तपकिरी रंगाने मध्य होन्शूतल्या हिदा, किसो आणि आकाइशी या तीन रांगा काढा. यांनाच मिळून जपानी आल्प्स म्हणतात. मग तोहोकूच्या मधोमध उभी ओउ रांग, शिकोकूचे आणि चूगोकूचे आडवे डोंगर. फुजी (३,७७६ मीटर) या रांगांत नाही, तो स्वतंत्र ज्वालामुखी आहे. तो आकाइशीत दाखवणं ही नेहमीची चूक.

नद्या तीनच नीट करा. शिनानो, ३६७ किलोमीटर, सर्वांत लांब. तोने, ३२२ किलोमीटर, सर्वांत मोठं खोरं. इशिकारी, होक्काइदोतली. शिनानोवर एक चलाख प्रश्न येतो, कारण नागानोत तिचं नाव चिकुमा आहे आणि नीगातात शिरल्यावर शिनानो.

नावांची शेपटं ओळखता आली तर अनोळखी नावही उलगडतं. ‘सांम्याकू’ म्हणजे सलग डोंगररांग, ‘सांची’ म्हणजे डोंगराळ मुलूख, ‘हेइया’ मैदान, ‘बोंची’ चारही बाजूंनी डोंगर असलेला खोलगट सपाट भाग, ‘हांतो’ द्वीपकल्प, ‘वान’ आखात, ‘काइक्यो’ सामुद्रधुनी. ‘कावा’ जोडनावात ‘गावा’ होतो, ‘शिमा’चा ‘जिमा’. पर्वताला मात्र ‘सान’, ‘यामा’, ‘ताके’, ‘दाके’ यांपैकी काय लागेल याला नियम नाही, ते ऐकूनच लक्षात ठेवायचं.

हवामानाचे आलेख: इथे खरे गुण आहेत

पाऊस आणि तापमान एकत्र दाखवणाऱ्या आलेखाला ‘उओंझु’ म्हणतात. रेघ तापमानाची, खांब पावसाचे. सहा शहरांचे सहा आलेख देऊन ‘कोणता कुठला’ असा प्रश्न जवळपास ठरलेला असतो. भाषा कच्ची असली तरी हा प्रश्न पूर्ण सोडवता येतो, म्हणून याच्यावर मेहनत घ्या.

बघण्याचा क्रम असा ठेवा. आधी जानेवारीचं तापमान. पंधरा अंशांच्या वर असेल तर नाहा, म्हणजे ओकिनावाची बेटं. तो आलेख बाजूला करा. मग हिवाळ्याचे खांब बघा. डिसेंबर-जानेवारीत ते उन्हाळ्यापेक्षा उंच असतील तर जपान समुद्राची बाजू; पुस्तकात बहुधा नीगातातलं जोएत्सु दिलेलं असतं. मग जानेवारी शून्याच्या खाली असलेले दोन आलेख उरतात, होक्काइदोतलं साप्पोरो आणि नागानोतलं मात्सुमोतो. इथे बरेच जण अडकतात, कारण दोन्हीकडे पाऊस कमी. जानेवारी बघत बसू नका, ऑगस्ट बघा. मात्सुमोतो पंचवीस अंशांच्या आसपास जातं, साप्पोरो बावीसच्या. शिवाय साप्पोरोत जूनचा खांब बुटका असतो, कारण होक्काइदोत ‘त्सुयू’ म्हणजे जून-जुलैचा पावसाळी काळ जवळपास नसतोच. शेवटी दोन उरतात. वर्षाचा पाऊस १,१०० मिलिमीटरच्या आसपास आणि हिवाळा सौम्य असेल तर सेतो अंतर्गत समुद्राकाठचं ताकामात्सु. उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात खांब उंच चढत असतील तर पॅसिफिक बाजू.

त्सुयू म्हणजे आपला मान्सून असं समजून उत्तर लिहू नका. जपानमध्ये ‘मोसमी वारा’ म्हटलं की हिवाळ्याचा वाराही तितकाच महत्त्वाचा असतो, किंबहुना परीक्षेत तोच जास्त विचारतात. सायबेरियाकडून येणारा वायव्य वारा मुळात थंड आणि कोरडा असतो. जपान समुद्रात त्सुशिमा हा उबदार प्रवाह वाहतो. त्यावरून येताना वारा बाष्प उचलतो, मध्यातल्या डोंगरांवर चढतो आणि नीगाता, तोयामाकडे बर्फ टाकतो. डोंगर ओलांडून कांतोच्या मैदानात उतरतो तेव्हा तो पुन्हा कोरडा झालेला असतो. म्हणून जानेवारीत नीगातात फूट-फूट बर्फ आणि त्याच दिवशी टोकियोत निरभ्र आकाश. सेतोच्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत: हिवाळ्याचा वारा चूगोकूचे डोंगर अडवतात, उन्हाळ्याचा शिकोकूचे. पाऊस कमी पडतो, म्हणून कागावा प्रांतात शेतीसाठी हजारोंनी तळी बांधलेली दिसतात. तोहोकूत उन्हाळ्यात ईशान्येकडून येणारा ‘यामासे’ हा गार वारा ओयाशिओ या थंड प्रवाहावरून येतो, ऊन झाकतो आणि पॅसिफिक बाजूचं भाताचं पीक बुडवतो.

लेखी उत्तर याच साखळीत लिहायचं: वारा कुठून, कशावरून, कुठे अडला, म्हणून काय झालं. प्रश्नात ‘नाझे’ (का) असेल तर वाक्याचा शेवट ‘कारा’ने (कारण) करा, तो नसला तर बरोबर उत्तराचेही गुण कापले जातात. ‘४० अक्षरांच्या आत’ असं दिलेलं असेल तर पूर्णविराम आणि स्वल्पविरामही अक्षर म्हणून मोजले जातात. आधी बाजूला लिहून मोजा, मग चौकोनांत उतरवा.

‘चिकेइझु’ वाचणं

चिकेइझु, म्हणजे भूरूपदर्शक नकाशे, ‘कोकुदो चिरीइन’ ही सरकारी संस्था काढते. वर्गात १:२५,००० आणि १:५०,००० हे दोन प्रमाण येतात. पहिल्यात १ सेंटिमीटर म्हणजे २५० मीटर, म्हणून ४ सेंटिमीटरचा एक किलोमीटर. दुसऱ्यात २ सेंटिमीटरचा. समोच्च रेषा पहिल्यात दर १० मीटरला आणि जाड रेषा दर ५० मीटरला. दुसऱ्यात २० आणि १०० मीटर. प्रमाण दिलेलं नसेल तर जवळच्या दोन रेषांच्या उंचीतला फरक काढा, प्रमाण सापडतं. शिक्षकांनी नकाशा लहान करून छापला असेल तर पट्टीने मोजलेलं अंतर खोटं ठरतं. अशा वेळी कोपऱ्यातली प्रमाणपट्टीच खरी.

चिन्हांपैकी आधी पिकांची करा. दोन छोट्या उभ्या रेघा म्हणजे भातखाचर, कापलेल्या धांड्यांसारख्या. तीन ठिपके म्हणजे चहाचा मळा, देठ असलेलं गोल फळ म्हणजे फळबाग. तोरीची कमान शिंतो देवस्थान दाखवते. बौद्ध मंदिराचं चिन्ह आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेने वळलेलं असतं. सवयीने हात उजवीकडे वळतो, तेवढं सांभाळा. दुहेरी वर्तुळ शहराच्या कार्यालयाचं, एकेरी गाव-कसब्याच्या. तुतीच्या शेताचं चिन्ह २०१३ पासूनच्या नव्या नकाशांत नाही, पण ‘जुना आणि नवा नकाशा पाहून काय बदललं ते सांगा’ या आवडत्या प्रश्नात ते हमखास असतं.

सरावाला यामानाशीतल्या कोफू खोऱ्याच्या काठचा नकाशा मागा. डोंगरातून नदी बाहेर पडते तिथून समोच्च रेषा पंख्यासारख्या पसरत जातात. हा ‘सेंजोची’, म्हणजे नदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा उतार. मधल्या भागात पाणी गोट्यांतून खाली झिरपतं, तिथे भात होत नाही, म्हणून फळबागेची चिन्हं दिसतील, द्राक्षं आणि पीच. खालच्या कडेला तेच पाणी झऱ्यांनी वर येतं, आणि नेमक्या तिथे घरांची गर्दी आणि भातखाचरं सुरू होतात. हे एका नकाशावर स्वतःच्या बोटाने तपासलं की सेंजोचीवरचा कुठलाही प्रश्न सुटतो.

धोक्याचा नकाशा: हा अभ्यास घरच्या पत्त्यावर करा

चिरी सोगोचा शेवटचा भाग आपत्तींचा आहे, आणि बहुतेक शाळांत त्यावर प्रकल्प असतो. सरकारच्या हॅझर्ड मॅप पोर्टलवर ‘कासानेरू हॅझर्ड मॅप’ उघडा, यजमानांचा पत्ता टाका आणि पूर, दरड, त्सुनामी हे थर एकेक करून चढवा. एकदम सगळे चढवले तर रंगांचा चिखल होतो. पुराच्या रंगात ०.५ ते ३ मीटरचा टप्पा म्हणजे तळमजला पाण्यात. त्यापुढचा ५ मीटरपर्यंतचा टप्पा म्हणजे त्याच्या वरचा मजलाही. रंग नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे, लहान ओढ्यांची पाहणी काही ठिकाणी झालेलीच नसते. मग आसऱ्याची ठिकाणं बघा. ‘हिनानबाशो’ म्हणजे तातडीने पळून जायची जागा आणि ती आपत्तीनुसार वेगळी असू शकते. ‘हिनानजो’ म्हणजे नंतर राहण्याचा निवारा. भूकंपाला चालणारं मैदान पुराला चालेलच असं नाही. घर ते जागा हा रस्ता एकदा पायी चाला आणि वाटेतले पूल, भिंती, उतार नकाशावर लिहा. प्रकल्पात गुण मिळतात ते या नोंदींना.

२०१९ मध्ये नकाशांत एक नवं चिन्ह आलं: जुन्या आपत्तींची आठवण कोरलेल्या शिळेचं. २०१८ च्या मुसळधार पावसात हिरोशिमा प्रांतातल्या साका गावात दरडी कोसळून माणसं गेली, आणि तिथे १९०७ च्या पुराची शिळा आधीपासून उभी होती. तुमच्या परिसरात असं चिन्ह सापडलं तर प्रकल्पाचा विषय शोधायची गरज नाही.

वादाच्या जागा

पुस्तकात उत्तरेचं टोक एतोरोफू बेट म्हणून दिलेलं असतं. ते सध्या रशियाच्या ताब्यात आहे. ताकेशिमा बेटं दक्षिण कोरियाच्या ताब्यात आहेत. परीक्षेत पुस्तकात आहे ते लिहा. वर्गात दक्षिण कोरियाचा एक्स्चेंज विद्यार्थी असेल तर त्याच्या घरच्या नकाशावर ताकेशिमाचं आणि जपान समुद्राचंही नाव वेगळं असेल, हे ध्यानात ठेवून बोला.

वही, प्रिंट, गुण

तासाला पुस्तकापेक्षा ‘पुरिंतो’ जास्त असतात, म्हणजे गाळलेल्या जागांचे कागद. ते तारखेनुसार फाइलला लावा, कारण परीक्षेच्या आसपास ती फाइल गोळा करून तपासली जाते आणि तिचे गुण निकालात धरतात. पेपर फसला तरी नीट ठेवलेली फाइल सावरून नेते. गाळलेल्या जागा नारिंगी किंवा लाल पेनने भरा. वरून लाल प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे ‘आका शीतो’ ठेवला की उत्तरं दिसेनाशी होतात आणि पाठांतर तपासता येतं. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं परीक्षेला येतं.

पिकांचे आणि उद्योगांचे क्रमांक जुन्या पुस्तकातून पाठ करू नका. चहात शिझुओका पहिला हे वर्षानुवर्षांचं उत्तर होतं. २०२४ च्या कच्च्या चहाच्या उत्पादनात कागोशिमा पुढे गेला. शिक्षक कोणत्या वर्षाची आकडेवारी धरतात ते पुरिंतोच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेच वर्ष धरा.